वेल्सचा ताद, कझाकांचा अता आणि आपले तात्या

इथं जमलेल्या वडीलधाऱ्यांनो, आयाबायांनो, अन् मागं भिंतीला टेकून उभ्या असलेल्या माझ्या दोस्तांनो,

माइक हातात घेतलाय, पण मला भाषण येत नाही. भांडण येतं. हे इथल्या निम्म्या लोकांना अनुभवानं माहीत आहे. माझ्या आधी बोलले ते सगळे प्राध्यापक. मी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला कॉलेज सोडलेला. नांदेडला फ्लेक्सच्या दुकानात डिझाइन करतो. माझ्या मागं लावलेला हा श्रद्धांजलीचा फ्लेक्स मीच केलाय, अन् मी ह्या फ्लेक्सबद्दलच बोलणार आहे. कारण ह्याच्यावर आपले तात्या जिंकलेत. शोकसभेत कुणी असं म्हणत नसतं. मी म्हणतो. जिंकलेत.

फोटोच्या वरची ओळ बघा. ताद. ओता. अता. तात्या. आल्यापासून लोक कुजबुजून राहिलेत, हे काय म्हणून. एका मावशींनी तर हात जोडले, मंत्र समजून. मावशी, मंत्र नाही. सांगतो.

तात्या आम्हाला भाषाविज्ञान शिकवायचे. मुदखेडहून रोज रेल्वेनं नांदेडला. सगळी पोरं त्यांना तात्याच म्हणायची. मी एकटा 'सर' म्हणायचो. मी शिरूर अनंतपाळच्या बौद्ध वस्तीतला. माझ्या आज्यानं मोठ्या शेतकऱ्यांकडं सालगडी म्हणून जन्म काढला. असल्याच मोठ्या घरातल्या माणसाला घरातल्या नावानं हाक मारायला माझी जीभ रेटत नव्हती. अन् दुसरं कारण त्याहून मोठं. रेवती. तात्यांची एकुलती एक. ती लातूरला शिकायला होती, तेव्हा मी नांदेडहून एसटीनं जायचो, ती क्लासमधून बाहेर पडताना लांबून बघायचो अन् आल्या गाडीनं परत. आज ती पुढं बसलीय, म्हणून हे सांगताना कान तापलेत.

मी कॉलेज सोडलं तेव्हा तात्यांचाच फोन आला. "कॉलेज सोडलंस, ठीक. मला कशाला सोडतोस? रविवारी ये."

गेल्या वर्षी अशाच एका रविवारी गेलो, रेवतीला मागायला. तिचं हो आधीच होतं. भांडायच्या तयारीनं. दोस्ताला सांगून ठेवलं होतं, गाडी बंद करू नको, हाकलून दिलं की लगेच निघू. तात्या ओसरीवर भुईमुगाच्या शेंगा फोडत बसले होते.

"सर, मला रेवतीशी लग्न करायचंय."

"बस. शेंगा खा. वेल्स कुठं आहे, माहीत आहे का?"

मी एक शेंग उचलली.

"इंग्लंडच्या कुशीत आहे. तिथं बापाला ताद म्हणतात. समुद्र ओलांडून फ्रान्सच्या टोकाला ब्रिटनी आहे, तिथंही ताद. ह्या केल्टिक भाषा. आता इकडं ये. उझबेक माणूस बापाला ओता म्हणतो. कझाक आज्याला अता म्हणतो. तुर्कस्तानात अता म्हणजे पूर्वज. ह्या तुर्की कुळातल्या. अन् आपल्याकडं तात, तात्या. सांग बरं, कुणी कुणाकडून घेतला?"

माझं डोकं तापलं. मी पोरगी मागायला आलोय, अन् हे तास घेऊन राहिले! म्हणालो, "आपल्याकडूनच गेला असंल सगळीकडं."

एवढे हसले, एवढे हसले, की मांडीवरच्या शेंगा सांडल्या. "अरे, वेल्श अन् मराठी लांबच्या का होईना, एका भावकीतल्या. तुर्कीची अन् आपली तर भावकीच नाही. कूळ वेगळं, मूळ वेगळं. हा शब्द कुणी कुणाला दिला नाही. लेकराला दात नसतात. जीभ वर टेकली की 'त' निघतो. त्या वेळी जो माणूस पाळण्यावर वाकलेला असतो, त्याला वाटतं, मलाच हाक मारली! झाला तो बाप. वेल्समध्ये असंच, समरकंदला असंच, मुदखेडला असंच."

मग माझ्याकडं बघून म्हणाले, "तुझी माझी भावकी एक नाही. पण हाकेला भावकी लागत नाही. ते सर म्हणणं सोड आता."

मला काय कळणार? मी तावातावानं उठलो. "म्हणजे नाही म्हणायलेत ना? मग सरळ सांगा!"

आतून रेवती ओरडली, "अरे येड्या, हो म्हणले ते! अन् बाहेर त्या गाडीवाल्याला गाडी बंद करायला सांग, सगळा धूर घरात यायलाय!"

हसा. हसा, तात्यांना आवडलं असतं.

पण होकार मिळाला तरी जीभ काही सुटली नाही. ते म्हणायचे, "सर नाही." मी म्हणायचो, "हो सर." वर्षभर हेच.

भावकीला ते सांगणार होते. दिवाळीत सगळे जमले की सांगतो म्हणाले होते. त्याआधीच गेल्या आठवड्यात झोपेत गेले. आता आमच्यासाठी हो कोण म्हणणार? स्मशानातून परतताना तात्यांचे धाकटे भाऊ, आपले आबा, सगळ्यांसमोर बोलले, "पोरीचं आता आमी बघू." म्हणजे आमचं लग्न मोडल्यातच जमा.

दुसऱ्या दिवशी रेवतीचा फोन आला. रडून रडून आवाज बसलेला, पण बोलणं कसं, तर हुकूम सोडल्यासारखं. "फ्लेक्स तू करायचास. वर तात्यांचे ते शब्द टाक. अन् खाली शोकाकुलमध्ये जावई म्हणून तुझं नाव टाक. ज्याला विचारायचंय, त्यानं मला विचारावं."

लोकांनो, किती मयतांचे फ्लेक्स केलेत मी. कुणाचं नाव वर, कुणाचं खाली, ह्यावरून दुकानात कॉलर धरलेली बघितलीय. पण स्वतःचं नाव टाइप करायची ही पहिलीच वेळ.

सकाळी चौकात फ्लेक्स बांधला अन् आबा आले. आबा, तुम्ही समोरच बसलात, चुकलं तर टोका. सोबत चार जण. आबांनी फ्लेक्सची दोरी धरली.

"जावई म्हनून नाव टाकायला तुला सांगितलं कुनी?"

रेवतीही आली होती. मला राग आला तो आलाच. मी ओरडलो, "रेवतीनं सांगितलं! अन् तिच्या आधी तात्यांनी सांगितलं!"

मला कळलंही नाही. रेवतीनं मान वर करून बघितलं, तेव्हा कळलं. तात्या! वर्षभर अडकलेलं भर चौकात, भांडणात सुटलं.

आबांचा हात दोरीवरच. म्हणाले, "अन् वर ह्ये काय लिवलंय?"

मी सांगितलं. वेल्स सांगितलं, उझबेक सांगितलं, कझाक सांगितलं, पाळणा सांगितला.

"म्हंजी ह्या लोकांची अन् आपली भावकी न्हाई?"

"तुर्कीवाल्यांची तर अजिबात नाही."

"अन् तरी हाक तीच?"

"हाव, आबा."

आबांनी वरची ओळ पुन्हा एकदा वाचली. सोबतचा एक जण म्हणाला, "वढू का?" आबांनी त्याला हातानं थांबवलं. मग खालच्या ओळीवर बोट ठेवलं.

"माझं नाव तुझ्यापेक्षा बारीक का?"

मी म्हणालो, "आबा, जागा कमी पडली."

"जागा कर. सख्खा भाऊ हाय मी. दोघांचं सारखं करून आन. अन् ऐक. घरात मयत झालीय. लग्न वर्साच्या आत करावं लागतंय, न्हाईतर तीन वर्सं थांबायचं. तुमच्यात पाळत्यात का ह्ये?"

आमच्यात नाही पाळत. मी म्हणालो, "आबा, आजपासून पाळतो!"

हा मागं आहे तो दुसरा फ्लेक्स. मोजून घ्या. आबांचं नाव अन् माझं नाव, अक्षर न् अक्षर सारखं. असा माणूस गेला म्हणायचा का? गेल्यावरसुद्धा ज्यानं भावाच्या तोंडून हो म्हणवून घेतलं?

आता दोन मिनिटं शांत उभं राहायचंय. राहू. पण आधी एकदा हाक मारू. भावकीतल्यांनी मारा, भावकीबाहेरच्यांनी मारा. एवढी मोठी, की मुदखेडच्या स्टेशनात थांबलेल्या गाडीतल्या लोकांनी खिडकीतून वाकून बघावं. आबा, तुम्ही पण. रेवती, तू पण. मी सुरुवात करतो. आता माझी जीभ अडत नाही.

तात्या!

...आता उठा. अन् गप्प उभे राहा. ते ओ देतात का, ऐकू.