हवेशिवायचा ज्वालामुखी

ज्वालामुखींवरचं व्याख्यान संपल्यावर बसच्या रांगेत माझ्यापुढे एक वयस्कर जोडपं उभं होतं.

“अगं, बोल की काहीतरी.”

“काय बोलू? गुरूच्या चंद्रावर हवा नाही, मग ज्वालामुखी पेटतो कसा, एवढंच विचारलं मी. अख्खं सभागृह हसलं.”

“पण त्या बाई म्हणाल्या ना, प्रश्न चांगला आहे म्हणून. तिथे काही जळत नाही, खडकच वितळून बाहेर येतो. किती छान समजावलं त्यांनी!”

“त्यांनी समजावलं. तुम्ही हसलात.”

“सगळेच हसले गं.”

“सगळ्यांच्या आधी तुम्ही. तुमचं हसू चाळीस वर्षं ओळखते मी.”

“चुकलं माझं.”

“तुम्हाला येत होतं उत्तर?”

“नाही.”

“मग हसलात कशाला?”

“शेजारी आमचे जुने साहेब बसले होते. त्यांना वाटायला नको की मलाही येत नाही. आता तुझ्याकडे बघायचीसुद्धा लाज वाटतेय मला.”

“हात वर करायला मला किती वेळ लागला, ठाऊक आहे?”

“उद्या शुक्रावरच्या ज्वालामुखींवर बोलणार आहेत. येशील ना?”

“जाणार आहे. अजून एक विचारायचंय मला. तुम्ही घरी थांबा.”