जिवंत ठेवलेला पुतण्या

(जुन्या इंग्लंडमधल्या लिंडसीच्या राज्यात दलदलीच्या काठावरचं एक लाकडी चर्च. बाहेर राणीचा पुतण्या ब्योर्न याच्या घोडेस्वारांचा वेढा. आत राणी लेओफ्रुन आणि तिचा धाकटा मुलगा आल्ड्विन. सकाळ.)

लेओफ्रुन : मान खाली घाल म्हटलं ना. कात्री लागेल.

आल्ड्विन : लागू दे. मेंढ्या कातरायच्या कात्रीनं राजाच्या मुलाचे केस कापतेस, आई? हेरगारदादा असता तर पोट धरून हसला असता.

लेओफ्रुन : हेरगार नाही, म्हणूनच कापतेय. एकाला पुरायचं राहिलंय अजून. दुसऱ्याची पाळी यायला नको.

आल्ड्विन : मागच्या कुडातून निसटता येईल. नावाडी आपला आहे. एकदा दलदल ओलांडली की उत्तरेच्या राजाकडे जातो. तो भाले देईल, माणसं देईल, आणि पुढच्या सुगीला...

लेओफ्रुन : पुढच्या सुगीला तू उत्तरेचे भाले घेऊन येशील, ब्योर्न शेजारच्या मर्सियाच्या राजाचे आणेल, आणि लोकांचं उभं पीक तुम्हा दोघांचे घोडे खातील. पाहिलंय मी हे सगळं. तुझे बाबाही असेच आले होते.

आल्ड्विन : आणि गादीवर बसले!

लेओफ्रुन : सख्ख्या भावाला मारून बसले. हलू नकोस.

आल्ड्विन : ऑस्लाफकाका लढाईत पडले ना?

लेओफ्रुन : तुम्हा पोरांना तसं सांगितलं. जेवताना मारलं त्याला. आमच्याच दालनात, वाढत मीच होते. ब्योर्न तिथेच चुलीपाशी खेळत होता, बापाचं रक्त त्याच्या पायापर्यंत आलं. मग तुझे बाबा त्याच्याकडे वळले. मी त्याला झग्याखाली घेतला आणि म्हटलं, आधी मला मारा.

आल्ड्विन : हे तू कधी बोलली नाहीस.

लेओफ्रुन : काय बोलायचं? तुम्ही तिघं एका पातेल्यात हात घालून जेवत होतात. हेरगार स्वतःच्या वाटणीचं मांस त्याला द्यायचा.

आल्ड्विन : आणि त्यानंच दादाला नदीच्या उतारावर... तू त्या दिवशी झगा बाजूला केला असतास, तर आज दादा जिवंत असता.

लेओफ्रुन : माहीत आहे मला. बातमी आल्यापासून दुसरं काही सुचलेलं नाही. झालं. हात फिरवून बघ.

आल्ड्विन : गार लागतंय. मध्येच टक्कल, कडेनं केस. विनफ्लेडला कोण सांगणार?

लेओफ्रुन : मी सांगेन. रडेल. मग तिचा बाप तिचं लग्न दुसरीकडे ठरवेल.

ब्योर्न : (दाराबाहेरून) काकू, मी आहे. एकटाच आहे. तलवार बाहेर ठेवलीय. येऊ का आत?

आल्ड्विन : विचारतोय बघ! दादाला मारताना विचारलं होतंस का रे?

लेओफ्रुन : तू गप्प राहा. ये, ब्योर्न. डोकं सांभाळ, दार बुटकं आहे.

ब्योर्न : हा काय अवतार? आल्ड्विन, तू?

लेओफ्रुन : आज त्याला देवाला वाहिला. मठाधिपती पहाटेच आशीर्वाद देऊन गेले. भादरलेल्या डोक्याचा माणूस लिंडसीच्या गादीवर बसत नाही, तुलाही ठाऊक आहे. तुझ्या वाटेत आता कुणी उरलं नाही. त्याला जाऊ दे.

ब्योर्न : केस काय, काकू, दोन पावसाळ्यांत परत येतात.

लेओफ्रुन : तो शपथ घेईल.

ब्योर्न : शपथ तर मीही घेतली होती. तुझ्या नवऱ्यापुढे गुडघे टेकून, त्याच्या तलवारीवर हात ठेवून. आठवतं? तू शेजारीच उभी होतीस.

लेओफ्रुन : आठवतं.

ब्योर्न : मर्सियाच्या राजानं मला भाले दिले ते फुकट नाहीत. त्याची माणसं बाहेर उभी आहेत. त्यांना दोन डोकी हवीत, एकच मिळालंय. काल रात्रभर मी त्यांना म्हणत होतो की पोर आहे, सोडा. त्यांचा म्होरक्या हसला. म्हणाला, तुलाही कुणीतरी पोर आहे म्हणूनच सोडलं होतं ना?

आल्ड्विन : बरोबर बोलला तो. मार मला. नाहीतर मी परत येईन.

लेओफ्रुन : तोंड बंद ठेव रे, मूर्खा!

ब्योर्न : काकू, एक विचारू? खरं सांगशील?

लेओफ्रुन : आता खोटं बोलून कुणाला वाचवायचंय मला?

ब्योर्न : मला वाचवलंस त्याचा पस्तावा होतो?

लेओफ्रुन : होतो.

आल्ड्विन : आई!

लेओफ्रुन : होतो. का होऊ नये? हेरगारची बातमी आली तेव्हा पहिल्यांदा हेच मनात आलं, की झगा उचलायला हवा होता. आणि लगेच आठवलं, तू किती घाबरला होतास. माझा पाय घट्ट धरला होतास. नाक गळत होतं तुझं. त्या पोरावरून कुठल्या हातांनी झगा उचलला असता मी? पस्तावा होतो, ब्योर्न, पण उचलता आला नसताच. आता तुला काय करायचं ते कर.

ब्योर्न : मला हेरगारला मारायचं नव्हतं.

लेओफ्रुन : ते माझ्यापाशी बोलू नकोस. कुठे आहे तो?

ब्योर्न : उतारावर.

लेओफ्रुन : कसा?

ब्योर्न : धड झाकून ठेवलंय. डोकं... मर्सियाच्या लोकांनी खांबावर लावलंय.

लेओफ्रुन : अंगात काय होतं त्याच्या? निळा सदरा?

ब्योर्न : हो. निळा.

लेओफ्रुन : मीच विणला होता. गळ्याला घट्ट झाला म्हणून कुरकुरत होता.

ब्योर्न : काकू, बस जरा. ऐक माझं. एक वाट आहे. दालनात सगळे सरदार जमलेत, पण माझ्यापुढे गुडघा टेकायला कुणी तयार नाही. भावाला मारणारा म्हणतात मला. तू आज त्यांच्यासमोर ये. पहिला मद्याचा प्याला तुझ्या हातानं मला दे. विगमुंडकाकांच्या राणीनं मला राजा मानलं, हेरगारच्या आईनं मानलं, की कुणी ब्र काढणार नाही. मर्सियाची माणसंही मग मुकाट घरी जातील. आल्ड्विनच्या डोक्याची कुणाला गरज उरणार नाही.

आल्ड्विन : थुंक त्याच्यावर, आई.

लेओफ्रुन : आल्ड्विन कुठे जाईल?

ब्योर्न : समुद्रापार. फ्रँक लोकांच्या मुलखातल्या मठात. नदीच्या मुखाशी गलबत उभं आहे. परत मात्र कधीच यायचं नाही. आला तर मी अडवू शकणार नाही.

लेओफ्रुन : आणि मी?

ब्योर्न : तू इथेच राहशील. माझ्या दालनात. दर सणाला प्याला तूच द्यायचा.

लेओफ्रुन : हेरगारला आधी खाली उतरव. त्याच्या बाबांशेजारी, टेकडीत पुर. डोकं धडाला लावून. मी स्वतः बघेन, मग प्याला.

ब्योर्न : मर्सियाचे लोक चिडतील.

लेओफ्रुन : चिडू देत. राजा व्हायचंय ना तुला? मग पहिला हुकूम हा दे.

ब्योर्न : देतो. या वेदीवर हात ठेवून सांगतो.

आल्ड्विन : आई, दादाच्या मारेकऱ्याला तू प्याला देणार असशील, तर मी तुझा मुलगा नाही.

लेओफ्रुन : नको असूस. जिवंत अस.

आल्ड्विन : मी खरंच सांगतोय. तुझं नावसुद्धा घेणार नाही मी तिकडे.

लेओफ्रुन : बरं. हा झगा घे, समुद्रावर वारं फार असतं. आणि डोकं झाक, सवय नाही तुला.

आल्ड्विन : नकोय मला तुझा झगा.

लेओफ्रुन : आल्ड्विन... एकदा जवळ ये.

आल्ड्विन : चल, ब्योर्न. कुठे आहेत तुझी माणसं? दाखव गलबत.

ब्योर्न : बाहेर माझा सावत्र मामा उभा आहे, पांढऱ्या घोड्यापाशी. त्याच्याबरोबर जा. तो दगा देणार नाही.

लेओफ्रुन : गेला?

ब्योर्न : घोड्यावर बसला. झगा घेऊन जाऊ का मागून? मामाकडे देतो.

लेओफ्रुन : दे. माझा आहे म्हणून सांगू नका.

ब्योर्न : (झगा देऊन परत येत) दारात ये ना, काकू. तळ्याच्या वळणापर्यंत दिसेल. बघेल तो वळून.

लेओफ्रुन : नाही बघायचा. लहानपणापासून हट्टी आहे.

ब्योर्न : ... नाही बघितलं.

लेओफ्रुन : चल. हेरगारला उतरवू आधी.

ब्योर्न : चल. हात धर माझा, बाहेर चिखल आहे. काकू, दालनात तुला जमेल ना? सगळ्यांसमोर?

लेओफ्रुन : तिथे मला काकू म्हणू नकोस. राणी म्हण. मग जमेल.