हिरवं चौकोनी नाणं

तुळजापूरहून अणदूरला निघालेल्या एसटीत बब्रुवान डोळे मिटून बसला होता. पण मागच्या सीटवरची काकू आणि तिचा पुतण्या त्याला झोपू देतील तर शपथ.

“मल्लम्माकाकू, आलं बघा पार्सल! ट्रान्सनिस्ट्रियाचं नाणं! लाल, षटकोनी, आन् चक्क प्लास्टिकचं!”

“प्लास्टिकचं? रुद्रेश, कुणीतरी गंडवलंय रे तुला.”

“न्हाय ओ! तिथं ह्याच्यावर बाजार व्हतो. फकस्त त्या देशाला देश म्हणून जगात कुणी मानत न्हाय. गोल, चौकोनी, पंचकोनी होतं, आन् आज हे. सेट पुरा झाला! लई वाट बघितली!”

“चौकोनी म्हंजे, हिरवं? हलकं?”

“व्हय! तुमी कुठं बघितलं?”

“तुझ्या टेबलावरच्या डबीत. चंपाषष्ठीला खंडोबाची तळी भरायची, ताटात नाणं पायजे, आन् घरात सुट्टे न्हाईत. आमच्या लहानपणी पाच पैसं असंच चौकोनी, हलकं होतं. म्हटलं, जुनं हाय, हिरवं पडलंय.”

“काकू! तुमी ते तळीत ठेवलं?”

“ठेवलं की. पाच जणांनी ताट उचललं, भंडारा उधळला. मग देवळातल्या पेटीत वाहिलं.”

बब्रुवानाचे डोळे टक्क उघडे.

“काकू, जगातलं एक बी सरकार त्या नाण्याला हात लावत न्हाय ओ...”

“न्हाय लावू दे. आमच्या मल्हारीनं घेतलं.”

पुढच्या सीटवरून बब्रुवानाच्या तोंडून आपसूक निघालं, “येळकोट येळकोट, जय मल्हार!”