होडी विकणे आहे

नाही नाही, फोटोत दिसते तेवढीच आहे ती — फोटो काढताना मी काही होडीत हवा भरली नव्हती. मांजरीहून कर्वेनगरपर्यंत आलात म्हणून बसा म्हणते, नाहीतर होडी बघायला कुणी तिसऱ्या मजल्यावर येतं का? ती तिकडे धरणावर आहे, क्लबच्या धक्क्याला. इथे न्हाणीघरात ठेवायची सोय झाली नाही. — हो, शिडाचीच. वल्ही आहेत, पण ती वारा पडला की लाज राखायला. — मालक? मालक बोटांच्या व्यायामाला गेलेत डॉक्टरांकडे, येतीलच, म्हणून जरा लवकर ठरवू या, पियुषराव, कारण — आता सांगूनच टाकते — जाहिरात मी दिलीय, त्यांना ठाऊक नाही. असं बघू नका हो, चोरीचा माल नाही. होडी माझ्याच नावावर आहे. निवृत्त झाल्यावर लोक बायकोला साडी घेतात, आमच्या इंजिनिअरसाहेबांनी होडी घेतली. जन्मभर पाटबंधारे खात्यात दुसऱ्यांसाठी पाणी अडवलं, आता म्हणे त्या पाण्यावर जरा बसायचंय. आणि मला पोहता येत नाही. केवढा विचार केलाय बघा बायकोचा!

बाजूला चिरा आहेत, ते मी जाहिरातीत लिहिलंय. गेल्या महिन्यातल्या वादळात पडल्या. सकाळपासून क्लबच्या ग्रुपवर मेसेज — जोराचा वारा येतोय, आपापल्या होड्या सांभाळा. सगळ्यांनी जोडलेले हात पाठवले. जोडलेल्या हातांनी होडी बांधता येत नाही, पण तेवढं कोण लक्षात घेतो? गेले फक्त आमचे हे. मी? मी गेले सोबतीला, पण गाडीतच बसले होते, काचा वर करून. मला काय करायचंय त्या लाकडाशी? यांनी शीड उतरवून घडी घातली, होडी आणि धक्क्याच्या मध्ये जुने टायर अडकवले, दोर दुहेरी केले — आणि सैल ठेवले, बरं का. ताणून बांधायचा नसतो दोर. लाटेबरोबर होडीला वरखाली व्हायला जागा लागते, नाहीतर दोर तरी तुटतो नाहीतर खांब तरी हलतो. हे तत्त्व घरात कधी लावलं नाही त्यांनी, होडीपुरतं मात्र अगदी पक्कं!

तर आमची बांधून झाली होती. घरी निघायचं की नाही? पण शेजारी विश्वजीत म्हणून एक बिल्डर आहेत, त्यांची होडी — आमच्या दुप्पट, आत सोफा. आणि बांधलेली कशानं? कपडे वाळत घालायच्या दोरीनं म्हटलं तरी चालेल. विश्वजीतराव बंगल्यावर भजी खात असणार. वारा असा आला की क्लबचे पत्रे वाजायला लागले, त्यांची दोरी एका टोकाला तुटली आणि ते धूड फिरून आमच्या होडीवर. एकदा, दोनदा. हे गेले ती बाहेर ढकलायला, वाकले, आणि पाय सटकला — सरळ खाली पाण्यात. एका बाजूला धक्का, दुसऱ्या बाजूला आमची होडी, तिच्यामागे ते सोफ्याचं जहाज. हातानं खांब धरला तर तोच हात चेपला. डोकं तेवढं वर. मी म्हटलं —

काय? गाडीतून कसं दिसलं?

चौकस आहात. बरं, गाडीत नव्हते. धक्क्यावर होते. टायर मीच देत होते एकेक. मग काय, खांबाला पाठ लावून खाली बसले, दोन्ही पाय होडीला रोवले आणि रेटलं. या वयात! चप्पल गेली, टाच फाटली, ती अजून नीट नाही. लाट आली की होडी आत यायची, गुडघे छातीला लागायचे, लाट गेली की मी परत रेटायची. आणि खालून काय सांगतात? "शैला, पाय काढ, मोडतील तुझे." लग्न झाल्यापासून अगं-गं चाललेलं, नाव घ्यायला मुहूर्त हा! मी म्हटलं, तुम्ही गप्प बसा आणि वर या. पाय काढला असता तर — तर काय, आज तुमच्याशी बोलायला मी एकटीच असते, रोज. — पाणी नको मला, तुम्हीच घ्या. — आले वर. कसे आले मला विचारू नका, मी डोळे मिटले होते. आणि उभं राहिल्यावर पहिलं वाक्य काय? "त्यांची होडी बांधायला हवी." ती मी बांधली, पियुषराव. हे एका हातानं दाखवत होते, मी गाठी मारत होते. विश्वजीतरावांनी दुसऱ्या दिवशी ग्रुपवर अंगठा पाठवला. अंगठाच. आमच्या यांची दोन बोटं आता वळत नाहीत.

म्हणून विकायची. हे गॅलरीत बसून कपड्यांच्या दांडीला डाव्या हातानं गाठी मारतात. मारतात, सोडतात. पुन्हा वादळ येईल, पुन्हा हे जातील, आणि मी — माझे पाय काही तरुण होत नाहीयेत. तेव्हा न्या तुम्ही. कुठल्या पाण्यात ठेवणार?

पाण्यात नाही?

लॉनवर. हॉटेलच्या. सिमेंटच्या ओट्यावर, डोलकाठीला दिव्यांच्या माळा, आत आइस्क्रीमचा काउंटर — आणि लग्नाआधीचे फोटो. वा! मांजरीच्या उसाच्या रानात होडी. जागा तर नामी शोधलीत. आणि तळाला भोकं कशाला? — पावसाचं पाणी साचू नये म्हणून. बरोबर. होडीत पाणी साचलेलं वाईटच. तुम्ही विचार फार पुढचा करता.

ती तरंगते हो. तेवढंच येतं तिला.

नाही, नाही, रडत वगैरे नाही मी, तुम्ही — लिफ्ट थांबली का? थांबा. किल्ली उजव्या हातानं लावतायत, डॉक्टरांनी सांगितलंय. उघडू नका, लावू द्या त्यांना. — आलात? कोणी नाही हो, पाण्याचा फिल्टर विकायला आलेत. — अहो दादा, एकदा सांगितलं ना, आम्हाला काही घ्यायचं नाही आणि काही द्यायचंही नाही. त्या डावीकडच्या चपला तुमच्या. या.