पलीकडच्या बांधावरून

पेणच्या स्टँडवर रोह्याच्या गाडीची वाट बघत बसलो होतो. शेजारच्या बाकावर कॉलेजातली एक मुलगी फोनवर गाणं ऐकत होती. तिच्याशेजारी बसलेल्या म्हातारीनं मान वळवली.

"हा तर जगन."

"तुम्ही ओळखता, आजी? आम्हाला आधी हे एका बँडचं गाणं म्हणूनच माहीत होतं. ती पोरं म्हणाली, हे आमचं नाही, धरमतरच्या जगनबुवांनी रचलंय. म्हणून मी आज त्यांना भेटून आले."

"गायला तो?"

"गायले ना! हा त्यांचाच व्हिडिओ. फक्त दर ओळीनंतर थांबतात. वय झालंय, विसरत असतील."

"मग तो थांबतो तिथं ती बँडवाली पोरं काय करतात?"

"बासरी वाजवतात."

"मिठागरात कसली गो बासरी? तो विसरत नाय. तो एका बांधावर मीठ ओढायचा, मी दुसऱ्यावर. त्यानं एक ओळ म्हणायची, पलीकडनं मी जाब द्यायचा. तवर तो थांबायचा."

"म्हणजे अर्धं गाणं तुमचं? आजी, म्हणा ना! मी पहिल्यापासून लावते."

"असं कानाशी बसून नाय म्हणत ते. फोन घेऊन त्या खांबापाशी जा. आणखी मागं. व्हय, तिथंच. आता मोठ्यानं लाव."

"ऐकू येतंय का, आजी?"

"येतंय. तू गप ऱ्हा."

"आजी, तुमची रोह्याची गाडी लागली!"

"लागू दे गो. तो थांबलाय."