बुद्धिबळाचा पिक्चर आणि आबांची शिकवण

शिकवण द्यायची आमच्या आबांची तऱ्हा ऐका. मी बारावी सोडली म्हणून त्यांनी माझ्या चुलत्यासमोर, नानांसमोर बसवून मला एका बुद्धिबळपटूच्या आयुष्यावरचा पिक्चर दाखवला. त्यातलं पोरगं शाळा सोडतं, जग जिंकतं आणि मग डोकं फिरून एकटं पडतं.

"बघ, खेळापायी शाळा सोडली की असं व्हतं. गुमान परत परीक्षेला बस," आबा म्हणाले.

मी म्हणालो, "आबा, इंग्रजीच्या पेपरादिवशी बैलगाडा शर्यतीच्या घाटात बैल धरायला मला तुमीच नेलं व्हतं."

आबा जराही लाजले नाहीत. "मंग आपला गाडा पहिला आला का न्हाई?"

"आला की राव!" म्हणत नानांनी पिक्चर बंद करून त्या बारीचा, म्हणजे आमचा गाडा पळाला त्या फेरीचा, व्हिडिओ लावला. त्यात ऐन पेपराच्या वेळेला मी कपाळभर भंडारा लावून बैल धरून उभा होतो.