आकडा वाचायचा नाही

—वाचू नका, साहेब, वाचू नका! स्टिकरवरचा आकडा या घरात कोणी वाचत नाही. नियम आहे. स्टिकर सोलायचं, डब्याच्या पाठीवर उजव्या कोपऱ्यात सरळ लावायचं, अंगठ्याने दाबायचं आणि पुढचा डबा घ्यायचा. आकडा वाचायचा नाही आणि का म्हणून विचारायचं नाही. मी आठ वर्षांची होते तेव्हा थोरल्या काकांनी सांगितलं. मी विचारलं, का? तर त्याचं उत्तर हे इथे आहे, कानामागे, दिसतंय का? स्टीलची फूटपट्टी. तीन टाके पडले. डॉक्टरांना सांगितलं, पोर जिन्यावरून पडली. आमच्या घरात माणसं फार पडतात, साहेब. पडायचीच सवय आहे.

बसा ना. तो स्टूल नको, त्याचा पाय हलतो — हा घ्या. पाणी घेणार? मला आत तेच सांगितलंय, साहेबांना पाणी दे, गोड बोल, सही कर आणि आत ये. चार कामं. पाणी झालं. गोड बोलणं मला जमत नाही, ते तुम्हाला एव्हाना कळलंच असेल. आणि तुम्ही मघापासून त्या पडद्याकडे बघताय, तर सांगते — पडद्याखाली ते दोन जोड दिसतात ना, तपकिरी चामड्याच्या चपला थोरल्या काकांच्या आणि निळ्या रबरी बाबांच्या. अर्ध्या तासापासून उभे आहेत. घरात मला सांगतात, मोठ्यांचं बोलणं चोरून ऐकू नये. लहानांचं ऐकलेलं चालतं वाटतं.

तुमचा तो कागद मला पाठ आहे, कोर्टात निकाल वाचला तेव्हा मी तिसऱ्या बाकावर होते. परवान्याविना आणि प्रमाणपत्राविना बनवलेली दूरसंचार यंत्रं — सगळा तयार माल, सुटे भाग, बनवायची हत्यारं सरकारजमा. दुकानाला दंड. दंड मुदतीत भरला नाही तर जबाबदार व्यक्तीला कैद. आणि जबाबदार व्यक्ती कोण, तिथे टिंबं. ती टिंबं भरून घ्यायला कोर्टाने तुम्हाला पाठवलं आणि ती टिंबं व्हायला यांनी मला पाठवलं. आज सकाळी या टेबलाशी बसून ठरलं. काका म्हणाले, तू शिकलेली, तू बावीस वर्षांची, तुझ्यावर आधीचं काही नाही, मुलीकडे बघून कोर्ट हात आखडता घेतं. बाबा म्हणाले, घरासाठी एवढं करायचं असतं बाळा. मी म्हटलं, मग तुम्हीच करा ना घरासाठी. झालं! तुम्ही कधीचे माझ्या ओठाकडे बघताय आणि विचारत नाही आहात — हो, सकाळचाच आहे. पडले. जिन्यावरून. आमचं घर तळमजल्यावर आहे, साहेब, पण जिना लागतोच कुठूनतरी.

नाही, थांबा, लिहू नका अजून. आधी ऐका, मग लिहा.

तुम्हाला हा डबा काय करतो माहितीय का? जप्त करताय म्हणून विचारलं. घरात मोबाइलला रेंज येत नाही, मग गच्चीवर अँटेना लावायची, खाली हा डबा. बाहेरून येणारा बारीकसा सिग्नल तो पकडतो, मोठा करतो आणि घरात सोडतो. बस्स. काम सोपं आहे. पण त्याच्या पोटात नखाएवढा एक फिल्टर लागतो. डब्याने आपल्यापुरतं बोलावं, दुसऱ्यांच्या बोलण्यात तोंड घालू नये, म्हणून. तो काढला की डबा काम करतो, गिऱ्हाइकाला रेंजही येते, पण मध्येच पिसाळतो. स्वतःचाच आवाज स्वतः ऐकून आणखी मोठ्याने ओरडतो आणि आजूबाजूच्या सगळ्या वायरलेसवर चढून बसतो. त्या समोरच्या टेस्टिंगच्या बाकावर स्पीकर आहे ना, त्याच्यावर तो आवाज यायचा. कुत्र्याच्या शेपटीवर पाय पडावा आणि तो उचलूच नये, तसा. मी त्या आवाजात गृहपाठ केलाय. काका म्हणायचे, डबा जिवंत आहे याची खूण आहे ती.

पहिला डबा फिल्टरचा होता. एकच. तो सरकारी प्रयोगशाळेत गेला, पास झाला, त्याला आकडा मिळाला. आणि तोच आकडा मग चौदा वर्षं सगळ्या डब्यांच्या पाठीवर. म्हणून वाचायचा नाही! दोन डबे शेजारी ठेवून कोणी वाचले असते तर पोरालाही कळलं असतं. पोरीला कळू नये म्हणून फूटपट्टी. आणि मी किती सरळ लावायचे माहितीय? काका पाहुण्यांना दाखवायचे — बघा, आमच्या पोरीचा हात, ओळंबा लावल्यासारखा. मला अभिमान वाटायचा हो. शाळेत नाव विचारलं तर मी सांगणार होते, सरळ चिकटवणारी.

सोल्डरमामा नाही म्हणाला. आमचा कारागीर, नात्याने कोणी नाही, मीच ते नाव ठेवलं होतं, कारण त्याच्या शर्टाला कायम सोल्डरचा वास. डबे तोच जोडायचा, फिल्टर मागाहून काका स्वतः काढायचे. पुढे त्यालाच, फिल्टर काढून तिथे तारेचा तुकडा टाक, असं सांगितलं तेव्हा तो म्हणाला, हे मी करणार नाही, उद्या कोणाचा जीव जाईल. काकांपुढे. मोठ्याने. मी तेरा वर्षांची, इथे याच कोपऱ्यात, मांडीवर स्टिकरचा गुंडाळा. काकांनी त्याचा उजवा हात धरला आणि त्या लोखंडी व्हाइसच्या जबड्यात घातला — तो बघा, बाकाला बोल्ट मारून बसवलाय, तुमच्या यादीत चौदावा — आणि दांडा फिरवला. एक वेढा. सोल्डरमामा ओरडला. दुसरा वेढा. काका विचारत होते, करशील? प्रत्येक वेढ्याला विचारत होते, शांतपणे, जसं दुकानात विचारतात ना, आणखी काही हवंय? चार बोटं. मी मोजली, कारण मला दुसरं काही सुचत नव्हतं. आणि बाबा —

बाबा, निळ्या चपला मागे सरकवू नका, मला दिसतात!

बाबांनी काय केलं सांगते, साहेब. बाबा उठले. मला वाटलं, आता भावाचा हात धरतील. बाबा टेस्टिंगच्या बाकाशी गेले, त्यांनी बिनफिल्टरचा एक डबा लावला आणि स्पीकरचा आवाज मोठा केला. रस्त्यावर ऐकू जाऊ नये म्हणून. मग सोल्डरमामाचं तोंड नुसतंच उघडलेलं दिसत होतं. आवाज डब्याचा.

पोलीस आले होते. एक हवालदार. त्याने मला विचारलं, बाळ, तू इथेच होतीस ना, काय झालं? मी म्हटलं, मामांचा हात घसरला. त्याने लिहिलं, मी खाली सही केली. वळणदार. सरळ रेषेत.

हे सांगायचं नव्हतं मला. असो. सांगितलं.

नाही, रडत नाहीये, ओठ चुरचुरतोय.

आता तो क्रेनखालचा माणूस. त्याच्यामुळेच तर तुम्ही इथे. चौदा मजल्यांची इमारत बांधली जात होती, शेजारच्या दवाखान्याने रेंजसाठी आमचा डबा घेतलेला. क्रेनवाला वर काचेच्या खोपटात बसतो, त्याला खालचं काही दिसत नाही. खाली एक माणूस वॉकीटॉकी घेऊन उभा — डावीकडे, जरा उचल, थांब. वरच्या माणसाचे डोळे म्हणजे खालच्या माणसाचा आवाज. तुळई खाली येत होती, साखळी घसरली, खालचा माणूस म्हणाला, थांब. वर काय ऐकू आलं ते कोर्टात वाजवून दाखवलं, क्रेनच्या केबिनमध्ये सगळं रेकॉर्ड होतं. तुम्ही होतात का त्या दिवशी? सगळे एकमेकांकडे बघत होते, हा कसला आवाज? मला विचारायची गरज नव्हती. माझ्या लहानपणाचा आवाज होता तो. कोर्टात चाळीस माणसं बसली होती आणि मी तेरा वर्षांची होऊन त्या कोपऱ्यात बसले होते. त्या किंकाळीखाली एक माणूस तोंड उघडून थांब, थांब म्हणत होता आणि तुळई त्याच्या कमरेवर उतरली. हळूहळू. क्रेनवाला चांगला होता हो, अलगद उतरवत होता. त्याला वाटत होतं सगळं ठीक चाललंय.

त्या माणसाची बायको पुढच्या बाकावर होती. तिने कान झाकले नाहीत. शेवटपर्यंत ऐकलं. मी झाकले.

कारण दवाखान्याच्या डब्यावरचं स्टिकर मी लावलंय. आणि — हे बघा, एवढं बोललेच आहे तर — तेव्हा मला पक्कं माहीत होतं. तेराव्या वर्षी नुसतं ऐकलं होतं, कळलं नव्हतं. कॉलेजच्या तिसऱ्या वर्षाला एक डबा घेऊन गेले, प्रयोगशाळेत उघडला, फिल्टरच्या जागी तार. सरांनी विचारलं, हे कुठलं भंगार? मी म्हटलं, बाजारातून आणलं. घरी येऊन काही बोलले नाही. परीक्षा होऊ दे, मग बोलू. परीक्षा झाली, निकाल लागू दे, मग बोलू. आठ महिने. आठ महिने मी स्टिकरं लावत होते, साहेब, आकडा वाचून लावत होते. सरळच. वाकडं एकही नाही.

तर मला काकांची भीती होती, असं लिहून घेऊ नका. होती, पण तेवढंच कारण नव्हतं. सोयही होती. थोरल्यांवर चिडायचं आणि त्यांच्याच पंख्याखाली झोपायचं, याची फार सोय असते.

आता हे धरा. नाही, धरा म्हणते! व्हाइसखालची ही फळी निघते. ओढा तिकडून. आलं? कोर्टात काकांनी शपथेवर काय सांगितलं — पहिला पास झालेला डबा हरवला, त्यामुळे दोन्ही ताडून बघता येणार नाहीत. हा हरवलेला डबा. फडक्यात गुंडाळून ठेवलाय बघा कसा, तान्ह्या बाळासारखा. यांना वाटतं, पुन्हा कधी प्रमाणपत्र नूतनीकरणाला उपयोगी पडेल. दंड भरून, मला आत पाठवून, पुढच्या गल्लीत नव्या नावाने दुकान! बोलणं झालंय, मी पडद्याआडून ऐकलंय. आमच्याकडे सगळे पडद्याआडून ऐकतात.

चार स्क्रू आहेत. एक. दोन. हा बघा, फिल्टर. आता तुमच्या ढिगातला कुठलाही द्या, डोळे मिटून द्या. बघा. तार. आणि पाठीवर — नाही, पाठ नंतर. पाठीवरचं मी वाचणार नाही.

—तिथेच थांबा, काका.

पाऊल पुढे टाकू नका. हे माझ्या हातात काय आहे? हातोडा. तोही सरकारजमा व्हायचाय, एकविसावा, पण यादी अजून चौदावर आहे, तोपर्यंत माझाच. उगारा ना हात, साहेबांसमोर उगारा, आजपर्यंत प्रेक्षकच मिळाले नाहीत तुम्हाला. साहेब, तुम्ही उठू नका, मला सवय आहे, आणि आज मी पडणार नाही. काका, तुमचा हात व्हाइसच्या जबड्यात आहे. बघा कुठे ठेवलाय तो. मला फक्त दांडा फिरवायचाय. एक वेढा. विचारू मी? करशील, विचारू?

घाम आला ना.

काढा तो हात तिथून. काढा, मला तुमची बोटं नकोत. मला काय हवंय ते सांगते, आणि हे मोठ्यांपुढे बोलणं समजा, उद्धटपणा समजा, शिक्षणाने आलेला माज समजा — मी सही करणार नाही. या टिंबांवर माझं नाव येणार नाही. तिथे दुकान ज्याचं त्याचं नाव येईल. माझं नाव खाली येईल, स्टिकर लावणारी म्हणून, जाणूनबुजून आठ महिने. ते लिहा, साहेब, ते खरं आहे, त्याची जी काय शिक्षा असेल ती मी घेईन. आणि एक जुना जबाब आहे, नऊ वर्षांपूर्वीचा, हात घसरला म्हणून लिहिलेला. तो खोटा आहे. घसरला नव्हता. हेही लिहा, सोल्डरमामा अजून आहे, डाव्या हाताने जेवतो, मी पत्ता देते.

बोला ना, काका. नियम सांगा एखादा. पोरीच्या जातीने, थोरल्यांपुढे, खाल्ल्या घराचे — एवढे पाठ आहेत तुम्हाला, एक सांगा.

बाबा? तुम्ही? तो स्पीकर तिथेच आहे हं. प्लगही लावलेला आहे.

नाही?

बरं.

लिहिलंत? मग माल मोजायला घ्या, साहेब. हा पहिला डबा, हा दुसरा. आधी आकडा वाचा. मोठ्याने.